तिसऱ्या रकान्यातले ठेले

मोजणीला गेलेल्या माणसाने कुणाच्याही ओट्यावर चहा घेऊ नये, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. तुम्ही ज्याचा कप उचलला, त्याच्या बाजूने हद्द सरकली असं शेजारी गृहीत धरतो. मग मोजणीची साखळी तुम्ही कितीही ताठ धरा, उपयोग नाही. म्हणून मी सबंध नोकरीभर स्वतःचा थर्मास घेऊन हिंडलो. एकदा गांधीबागेत दोन सख्ख्या भावांच्या मधली भिंत मोजत होतो. दुपारी थर्मास उघडला, तर थोरल्याने विचारलं, "हा चहा धाकट्यानं भरून देला का?" आणि धाकट्याने थर्मासचं झाकण हुंगून पाहिलं. त्याच्या घरी आलं घालतात आणि थोरल्याकडे वेलची. माझ्या चहात दोन्ही नव्हतं, म्हणून त्या दिवशी मोजणी पार पडली.

लोकांना वाटतं, मोजणीवाल्याचं काम म्हणजे जमीन मोजणं. ते सोपं आहे, जमीन पळून जात नाही. खरं काम नंतर टेबलावर बसून करावं लागतं. मोजलेल्या गोष्टीला काय म्हणायचं ते ठरवायचं आणि ती बरोबर रकान्यात बसवायची. भिंत की कुंपण, वहिवाट की अतिक्रमण, घर की झोपडी. जमिनीवर एकच वस्तू असते, कागदावर तिची तीन नावं होऊ शकतात, आणि तिचं पुढचं सगळं आयुष्य त्या नावावर चालतं. मी ज्या ऑफिसात हे काम केलं त्याचं नाव इथे लिहीत नाही. पेन्शन तिथूनच येते.

माझ्या मोजण्यांचे पुष्कळ किस्से आहेत आणि ते मी लग्नाकार्यांत सांगत आलो आहे. आज एकाच वाक्याबद्दल लिहायचं आहे. ते वाक्य माझं आहे, त्याच्याखाली सही माझी आहे, आणि ते खोटं आहे. "सदर ठेले चाकांवर असून सहज हलविता येण्याजोगे आहेत."

आता ही चाकं कुठून आली ते सांगतो, कारण ती मीच आणली.

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग तेव्हा आमच्या शहराच्या पोटातून जायचा. शहराच्या दक्षिण टोकाला, बुटीबोरीकडे निघण्याआधी, जकात नाका होता. नाक्यावर ट्रकांची रांग लागायची आणि रांगेतल्या माणसांना जे जे लागतं ते सगळं रस्त्याच्या कडेला उगवलं होतं. पंक्चरवाले, स्प्रिंगपाटे बदलणारे, नंबर रंगवणारे, दाढी करणारे, पोळी-भाजीवाले. आमच्याकडे अशा पत्र्याच्या दुकानाला ठेला म्हणतात, मग ते हलणारं असो की नसो. त्यातला एक ठेला सुलोचनाबाईंचा होता. त्या ट्रकच्या ताडपत्र्या शिवायच्या. जाड सुयांचं एक अवजड मशीन ठेल्याच्या फळीवर पक्कं केलेलं, भोवती गुंडाळलेल्या ताडपत्र्या, आणि हातात दाभण. नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, महिन्यातून चार दिवस घरी असायचा. मुलींची शाळा, घरभाडं, सगळं त्या मशीनवर चालायचं.

मी नोकरीत नवा असताना अतिक्रमण पथक यायच्या आधी तिथे गेलो. पथकाला रस्त्याची हद्द आखून देणारा माणूस लागतो, तो मी. मी चुन्याची रेघ मारत निघालो आणि ती रेघ बाईंच्या मशीनखालून गेली. त्या दाभण हातात धरून उभ्या राहिल्या.

"अठून का?" त्यांनी विचारलं.

"इथूनच. रस्ता एवढा रुंद आहे."

"रस्ता तं तठी आहे भाऊ, गाड्या तं तठून जातात. अठी मीच आहे."

बाईंचं म्हणणं कागदावर चूक आणि जमिनीवर बरोबर होतं. माझ्या हातात पथकाचा आदेश होता. त्यात लिहिलं होतं की पक्की आणि कच्ची बांधकामं तोडावीत आणि हातगाड्या हटवाव्यात. मी तरुण होतो, आदेश नीट वाचत असे. हटवलेली गाडी दुसऱ्या दिवशी परत येऊ शकते, हे माझ्या लक्षात आलं. मी चुन्याची बादली खाली ठेवून हळूच म्हणालो, "बाई, पथक सोमवारी येणार. तोवर खाली चाकं बसवा. चाक असलं की ते बांधकाम नाही."

त्यांनी ठेल्याकडे पाहिलं. "मंग मशीन हालंल ना. टाका सरळ कसा पडंल?"

"चाकांना दगड लावा."

सोमवारी पथक आलं तेव्हा एकट्या बाईंनी नाही, सबंध ओळीने चाकं बसवली होती. भंगारातून मिळेल ते चाक आलं होतं. बंद पडलेल्या जीपची, मळणीयंत्राची, कुणाच्या बैलगाडीची. बबन नावाच्या पंक्चरवाल्याने ट्रकचे चार रिम लावून ठेला इतका उंच केला की गिऱ्हाइकाला पायरी लागायची. पोळी-भाजीच्या हॉटेलवाल्याला चाकं मिळाली नाहीत, म्हणून त्याने नंबर रंगवणाऱ्याकडून पत्र्यावर चार चाकं रंगवून घेतली, आऱ्यांसकट. पथकाचा प्रमुख एकेका ठेल्यासमोर थांबायचा, वाकून पाहायचा आणि लिहायचा, "हातगाडी". रंगवलेल्या चाकांपुढे तो जरा जास्त वेळ थांबला. मग तिथेही "हातगाडी" लिहून त्याने पोळी-भाजी मागवली. हटवायचं काम उद्यावर गेलं, आणि तो उद्या कधी आला नाही.

त्या दिवसापासून मी त्या ओळीत 'आपला माणूस' झालो. मला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. जाता-येता लोक हाक मारायचे आणि मी मुद्दाम सायकल हळू करायचो. त्यांच्याकडचा चहा मात्र कधी घेतला नाही; कुणी आग्रह केला की सांगायचो, हद्द सरकते. नियम म्हणजे नियम.

पुढे रस्त्याची कामं होत राहिली. दर निवडणुकीच्या आधी एक थर पडायचा. मुरूम, गिट्टी, डांबर. रस्ता वर येत गेला, कडा भरत गेल्या आणि चाकं तेवढी तेवढी आत जात राहिली. कंत्राटदाराची माणसं चाकांभोवतीसुद्धा डांबर ओतायची, चांगलं ठासून. ज्या दगडांनी चाकं अडवली होती ते दिसेनासे झाले. मग अर्धी चाकं दिसेनाशी झाली. सुलोचनाबाईंच्या एका चाकाच्या रिममधून तुळस उगवली, तिला त्या रोज पाणी घालायच्या. बबनच्या ठेल्याची पायरी गेली, कारण जमीनच दारापर्यंत आली. बाईंच्या मुलींची लग्नं झाली, नवरा गाडी सोडून घरी बसला, मी बाबूचा साहेब झालो, आणि एवढ्या वर्षांत त्या ओळीतला एकही ठेला वीतभर सरकला नाही.

मग महामार्गच सरकला. शहराबाहेरून नवा रुंद रस्ता झाला आणि सगळे ट्रक तिकडे वळले. जकात त्याआधीच बंद झाली होती. एवढ्या रुंद पट्ट्यात आता फक्त स्कूटर आणि शाळेच्या व्हॅन उरल्या. ज्या जागेसाठी इतकी वर्षं चुना मारला, ती जागा कुणालाच नको होती म्हणावं, तर तसं नाही. लगेच सगळ्यांना हवी झाली. एक योजना आली. नाक्याच्या पडक्या चौकीवर तिचं चित्र लागलं. चित्रात कारंजं होतं, उंच काचेच्या इमारती होत्या, आणि आपल्याकडे कुठल्याच नर्सरीत मिळत नाहीत अशी झाडं होती. त्या झाडांखालून लोक कोट घालून कुत्रे फिरवत होते. मे महिन्यातल्या नागपुरात कोट! चित्राखाली लिहिलं होतं की जुन्या व्यावसायिकांना सन्मानाने गाळे दिले जातील.

बबन चित्राकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, यातला मी कोनता? कुत्रं धरलेला का कुत्रं?"

गाळे कुणाला द्यायचे ते ठरवायला मोजणी हवी. माझी निवृत्ती चार महिन्यांवर होती आणि ती मोजणी माझ्याकडे आली. सल्लागार कंपनीने छापील नमुना दिला होता. त्यात 'बांधकामाचा प्रकार' या नावाखाली तीन रकाने होते. पक्के, कच्चे, आणि हलविता येण्याजोगे. पानाच्या तळाशी, चष्मा काढून जवळ धरल्याशिवाय दिसणार नाही अशा अक्षरांत लिहिलं होतं की तिसऱ्या रकान्यातल्या व्यक्तींना गाळा देय नाही, कारण त्या आपला व्यवसाय अन्यत्र हलवू शकतात. शेवटचा रकाना शेऱ्याचा.

मी वरच्या साहेबांकडे गेलो. म्हणालो, "सर, चाकं आहेत, पण गाडली गेली आहेत."

साहेब म्हणाले, "चाक दिसतं का?"

"वरचं थोडं दिसतं."

"मग तिसरा रकाना. उगाच शेरे लिहीत बसू नका, फाइल परत येते. तुमची पेन्शनची फाइल कुठवर आली?"

त्यांनी हे अगदी आपुलकीने विचारलं. साहेबांना धमकी देता येत नसे, त्यांना फक्त चौकशी करता येत असे.

आम्ही तीन दिवस मोजणी केली. नाक्याजवळ एक शेंदूर फासलेला दगड होता, त्याच्यावर कुणीतरी स्लॅब टाकला होता. तो पक्क्यात गेला. त्या शेंदराखाली आमच्याच खात्याने रोवलेल्या खुणेचा नंबर आहे, हे मला माहीत होतं, पण मी हात जोडून पुढे गेलो. मग हॉटेलवाल्याचा ठेला आला. त्याची रंगवलेली चाकं उन्हापावसाने केव्हाच उडून गेली होती. चाक नाही, म्हणजे कच्चं बांधकाम. तो पात्र! ज्यांनी मी सांगितल्याप्रमाणे प्रामाणिकपणे लोखंडाची चाकं बसवली, ते सगळे एकामागून एक तिसऱ्या रकान्यात गेले. शेऱ्याचा रकाना मी रिकामा ठेवला. तिथे "चाके जमिनीत गाडलेली, ठेले जागेवर स्थिर" एवढंच लिहायचं होतं. सहा शब्द. आणि वरून, साहेबांनी सांगितलं म्हणून, पंचनाम्यात ते वाक्य लिहिलं. 'सहज' हा शब्द मात्र साहेबांनी सांगितला नव्हता. तो मी लिहिला, वाक्य पुरं दिसावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी कागद गुंडाळत असताना सुलोचनाबाई आल्या. हातात हिरवी जाळी होती. ट्रक गेल्यापासून त्या उन्हाळ्यात चौकांवर सावलीसाठी बांधतात त्या जाळ्या शिवत होत्या, कूलरची कव्हरं शिवत होत्या. "बराबर लिवलं ना भाऊ?"

"हो. सगळं व्यवस्थित लिहिलं."

"मले दाखवता का?"

"छापून लागेल तेव्हा पाहा ना. मी आहे ना."

यादी लागली. हरकती घ्यायला एक महिना होता. यादीत सगळ्यांची नावं होती, फक्त प्रकाराच्या ठिकाणी 'ह' असं एक अक्षर होतं, आणि 'ह' म्हणजे काय ते दुसऱ्या पानावर होतं. ते पान चौकीवर लावलंच नव्हतं. ओळीतल्या दोघाचौघांना शंका आली, ते वकिलाकडे निघाले. बाईंनी त्यांना थांबवलं, हे मला नंतर कळलं. त्या म्हणाल्या होत्या, "काहून फोकट चकरा मारता? आपल्या माणसानं लिवलं आहे." महिना संपला. एकही हरकत आली नाही, आणि हरकत आली नाही म्हणून यादी आदर्श ठरली.

माझ्या निरोपसमारंभात साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं आणि भाषणात सांगितलं की आमच्या चांदेकरांच्या कागदावर कधी खाडाखोड सापडली नाही. टाळ्या झाल्या. मी घरी आलो, शाल कपाटात ठेवली, आणि जुन्या नाक्याच्या रस्त्याने जाणं सोडलं. सीताबर्डीला जायचं तर मेट्रोने जायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, मेट्रोत गार असतं.

दोन वर्षांनी नोटिसा निघाल्या. चाकांवरचे ठेले पंधरा दिवसांत हलवावेत. सगळ्यांना धक्का बसला, पण नोटीस पाळली एकट्या बबनने. तो स्वभावानेच तसा होता. पंक्चर नसेल तर 'पंक्चर नाही' म्हणून गाडी परत पाठवणारा माणूस. त्याने गॅसकटरवाला आणला, ठेला नेला आणि बुटीबोरीला एका कापड कारखान्यात गेटवर नोकरी धरली. बाकीचे अपिलात गेले.

अपिलाच्या कागदांना माझ्या पंचनाम्याची नक्कल जोडलेली होती. ती घेऊन सुलोचनाबाई माझ्या घरी आल्या. मी दार उघडलं, आत या म्हटलं, तर त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"चहा ठेवतो," मी म्हणालो.

"नको. तुमच्या घरी चहा घेतला तं हद्द सरकंल." त्यांनी कागद पुढे केला. "अक्षर छान आहे तुमचं. वकिलाले विचारा लागलं नाई, मलेच वाचता आलं."

मी कागद हातात घेतला नाही. काय लिहिलंय ते मला पाठ होतं.

"मले एवढंच सांगा भाऊ. चाकं लावा म्हनणारे तुमी. चाकं आहेत म्हनून लिवणारेबी तुमीच. मंग मधी आमी काय केलं?"

मी म्हणालो, साहेबांनी सांगितलं होतं. म्हणालो, निवृत्तीला चार महिने होते. ही दोन्ही वाक्यं मी दोन वर्षं स्वतःला ऐकवत आलो होतो आणि घरात बरी वाटायची. उंबऱ्यावर त्यांचा काही उपयोग झाला नाही.

"मी कारणं पुसायले आली नाई," त्या म्हणाल्या. "सुनावनी आहे परवा. तुमी या आन् सांगा का हे खोटं आहे. नाई आले तं तसं आताच सांगा, मी वाट पाहणार नाई."

मी गेलो. सुनावणी घेणाऱ्या मॅडम सांगलीकडच्या होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या, आणि पंख्याखालून उठायला तयार नव्हत्या. सल्लागार कंपनीचे एक गृहस्थ लॅपटॉप उघडून बसले होते. मी उभा राहून सांगितलं की हा पंचनामा मी लिहिला आणि तो चूक आहे.

मॅडमनी विचारलं, "आपण सध्या कोणत्या पदावर आहात?"

"निवृत्त."

"मग तुमच्या आजच्या म्हणण्याला आधार काय?"

"माझं आधीचं म्हणणं खोटं होतं, हाच."

"आधीच्या म्हणण्यावर शिक्का आहे. आजच्या म्हणण्यावर काय आहे?"

माझ्या आजच्या म्हणण्यावर घामाशिवाय काही नव्हतं. नोंद दुरुस्त करायचा अधिकार माझ्या जागेवर आलेल्या माणसाला होता आणि त्याने ते ठेले पाहिले नव्हते. मी पाहिले होते, तर मला अधिकार नव्हता. सल्लागार गृहस्थ म्हणाले, "टेक्निकली मॅडम, फोटोत व्हील्स दिसतात. व्हील्स असलेलं स्ट्रक्चर मूव्हेबल असतं."

मागून सुलोचनाबाई म्हणाल्या, "मंग हलवून दाखव ना बाप्पा."

कचेरीत हसू फुटलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डायरी उघडली आणि म्हणाल्या, "हे बरंय. उद्या अकरा वाजता. हलवून पाहू."

दुसऱ्या दिवशी मॅडमचे चार शिपाई, जीपचा ड्रायव्हर, सल्लागार गृहस्थ आणि त्यांची दोन माणसं असे आठ जण बाईंच्या ठेल्यापाशी जमले. बाई आत मशीनवर बसल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "बाई, खाली उतरा."

"काहून उतरू जी? सहज हलते ना? मी बसली तं काय बिघडते?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. 'सहज' माझाच होता. आठ जणांनी खांदा लावला. पत्रा आत दबला, वरचा डबा पडला, आतून मशीनचा आवाज सुरूच राहिला. दुसऱ्या झटक्याला एका शिपायाची चप्पल तुटली. सल्लागार गृहस्थांनी लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर ठेवून स्वतः ढकललं आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर गंजाचा भलामोठा नकाशा उमटला. ओळीतले सगळे बघायला जमले होते. एक जण ओरडला, "अबे, गियर टाका गियर!"

"ट्रॅक्टर लावून पाहायला हवं, मॅडम," गृहस्थ धापा टाकत म्हणाले.

"ट्रॅक्टर लावला तर माझं ऑफिसही हलेल," मॅडम म्हणाल्या.

पण गृहस्थ हुशार होते. त्यांनी ओळीतल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. "तिथला ठेला कसा हलला मग? त्या माणसाने नोटीस मिळाली तसा नेला. म्हणजे हलतात."

आतलं मशीन थांबलं. मॅडमनी त्या जागेकडे नीट पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं. ते टोपण निघालं की पुढे काय होतं ते मला माहीत होतं. मी तेच काम केलं आहे.

सुलोचनाबाई खाली उतरल्या. "हलला नाई मॅडम, कापला. मी पाह्यलं. गॅसनं वरून कापून नेला. चाकं आतच आहेत. खणा."

फावडं कुणी उचलेना. कुदळ-फावडं धरणं शिपायांच्या कामात बसत नव्हतं. शेवटी ओळीतून कुदळ आली आणि ती मी घेतली. माझं वय पाहून मग दोघं पुढे आले. वरचा मुरूम निघाला, त्याखाली डांबर, त्याखाली गिट्टी, पुन्हा डांबर. मी वर्षं मोजल्यासारखे थर मोजत होतो. रिमची वरची कड मुरुमाखालीच लागली, खालची हात-दीड हात खोल निघाली. ठेला जिथे कापला होता तिथलं लोखंड अजून चमकत होतं. चारही कोपऱ्यांत चार रिम, डांबरात बसवल्यासारखे घट्ट.

मॅडम खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसल्या. रिमभोवतीच्या डांबरावर बोट फिरवून म्हणाल्या, "हा पाया आहे." मग माझ्याकडे वळल्या. "लिहा पंचनामा. मी सही करते."

मी लिहिला. सुलोचनाबाईंनी तो मला मोठ्याने वाचायला लावला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "पुन्हा." दुसऱ्यांदा वाचताना त्या कागदावर बोट ठेवून सोबत वाचत होत्या, मी काही गाळतो की काय ते पाहायला. मग मॅडमनी सही केली. सबंध ओळ तिसऱ्या रकान्यातून पहिल्यात गेली. गाळे मिळतील. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला मिळतील, आणि तिथे ताडपत्री पसरायला जागा नसेल, पण मिळतील.

"आणि बबन?" मी मॅडमना विचारलं.

"त्यांचा ठेला जागेवर नाही."

"त्याच्याच चाकांवरून तर हे सगळं ठरलं."

"चाकं आहेत, ठेला नाही. नसलेल्या ठेल्याला गाळा कसा देऊ? त्यांनी अर्ज करावा. विलंब माफीचं कारण लिहून." त्या वाईट नव्हत्या. थांबून म्हणाल्या, "कारण नीट लिहायला सांगा."

परत निघालो तेव्हा सुलोचनाबाई म्हणाल्या, "बबनले तुमी सांगा. मी नाई सांगत."

मी अर्ज लिहिला. चार वेळा लिहिला. त्यात माझं नाव घातलं, माझी चूक घातली, हलवायला नोटिशीने भाग पाडलं हे घातलं. इतका चांगला अर्ज मी नोकरीत कधी लिहिला नव्हता. तो घेऊन बसने बुटीबोरीला गेलो. बबन कारखान्याच्या गेटवर खाकी शर्टात उभा होता, गळ्यात शिट्टी. मला पाहून खूश झाला. "काय गा साहेब, इकडे कुठं?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खणलं ते, रिम निघाले ते, ओळ पात्र झाली ते. तो हसला. "म्हनजे माझी चाकं कामी आली. पक्के रिम होते ते." मग हसू विरलं. "आन् मी?"

"तू नोटीस पाळलीस म्हणून सुटलास यादीतून."

"आन् ती नोटीस कशावरून निघाली?"

"माझ्या लिहिण्यावरून."

तो म्हणाला, "मी बायकोले सांगत होतो, साहेबानं बराबरच लिवलं असंल, आपलंच नशीब खराब."

मी पिशवीतून अर्ज काढला, पेन काढलं, कागदाखाली धरायला पुठ्ठा आणला होता तोही काढला. कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने बारीक फुली केली होती. त्याने अर्ज घेतला. ओठ हलवत पहिला परिच्छेद वाचला. मग घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"छान लिवलं आहे. पण तुमच्या लिवल्यावर मी आता सही करत नाई, साहेब."

मागून ट्रकने हॉर्न दिला. बबनने शिट्टी वाजवली, आडवा दांडा वर केला आणि मला हाताने खूण केली, बाजूला व्हा.